प्रसंग, सूत्र आणि दृष्टांत : तेराव्या शतकातील मराठी संवादात गोष्टीचे स्थान

मराठी गद्याच्या आरंभकाळाचा विचार करताना ‘लीळाचरित्रा’चा उल्लेख अपरिहार्यपणे येतो, परंतु तो बहुधा तीन अंगांनी येतो. धर्मेतिहासाचा अभ्यासक त्यात महानुभाव पंथाच्या आचारविचारांचे मूळ शोधतो; सामाजिक इतिहासाचा अभ्यासक यादवकालीन अन्न, वस्त्र, व्यवसाय व देवळे यांची माहिती टिपून घेतो; आणि वाङ्मयाचा इतिहासकार त्यास मराठीतील आद्य चरित्रग्रंथाचा मान देतो. यांपैकी कोणतीही दृष्टी चुकीची नव्हे. तथापि या ग्रंथाचा फार मोठा भाग म्हणजे माणसांचे परस्परांशी बोलणे होय, ही साधी गोष्ट तिन्ही दृष्टींतून काहीशी निसटते. कोणी काही विचारते, कोणी उत्तर देते, कोणी हसते, कोणी रुसते. आणि या बोलण्याच्या ओघात मधूनच एखादी लहानशी गोष्ट सांगितली जाते. तिचे त्या बोलण्यात नेमके काय स्थान होते, आणि पुढे तिला बोलण्यातून बाहेर काढून ग्रंथात बसविले तेव्हा काय घडले, हा प्रश्न भाषेच्या इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे.

गोष्ट म्हटली की पुराणिक, कीर्तनकार किंवा निदान घरातील आजी डोळ्यांपुढे येते; म्हणजे गोष्ट सांगणे हा एक वेगळा, ठरावीक वेळी चालणारा उद्योग आहे असे गृहीत धरले जाते. दैनंदिन बोलण्यातील गोष्टीकडे भाषाशास्त्राने गंभीरपणे पाहिले ते बऱ्याच उशिरा. मॅलिनॉव्स्की याने १९२३ मध्ये गोष्ट सांगणे ही माहिती देण्याची नव्हे, तर समाजात केलेली एक कृतीच होय असे सुचविले होते. विल्यम लबॉव आणि जोशुआ वालेट्स्की यांनी १९६७ मध्ये स्वानुभवाच्या तोंडी कथनांची रचना उलगडून दाखविली. घडलेल्या घटना क्रमाने सांगणे हा त्या रचनेचा सांगाडा. परंतु ‘हे सांगण्याजोगे का आहे’ हे श्रोत्यास पटवून देणारा जो भाग, ज्यास त्यांनी मूल्यमापन म्हटले, त्यावाचून कथन लंगडे पडते. हार्वे सॅक्सने आणखी एका गोष्टीकडे लक्ष वेधले. चालू संवादात प्रत्येकाची पाळी लहान असते. गोष्ट सांगणाऱ्यास ती लांबवावयाची असते, म्हणून तो आधी परवानगी मागतो : ‘काल काय झालं ठाऊक आहे का?’ समोरच्याने ‘काय?’ असे विचारले की आपली पाळी काही काळ सोडून देण्यास त्याने मान्यता दिली असे होते.

मराठीत या व्यवहाराची खूण एका लहानशा शब्दात उतरली आहे. ‘मग’ हे अव्यय सांगणारा घटना जोडण्यासाठी वापरतो. ऐकणारा तेच अव्यय प्रश्नार्थक स्वरात उच्चारून पुढच्या घटनेची मागणी करतो. एकच शब्द दोघांच्या तोंडी असतो आणि गोष्ट त्या दोघांच्या मधून पुढे सरकते. ‘लीळाचरित्रा’तील वाक्यांच्या आरंभी हा ‘मग’ इतक्या वेळा येतो की आधुनिक वाचकास त्याचा कंटाळा यावा. तो शैलीचा दोष समजण्याचे कारण नाही. ते गद्य ऐकणाऱ्यासमोर घडलेले आहे, त्याचा हा ठसा होय.

या ग्रंथाच्या निर्मितीची हकीकत येथे थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. चक्रधरांचे उत्तरापंथी प्रयाण १२७४ च्या सुमारास मानले जाते, जरी निश्चित सालाविषयी मतभेद आहेत. त्यानंतर त्यांचा शिष्यपरिवार वऱ्हाडातील ऋद्धिपूर येथे गोविंदप्रभूंच्या सान्निध्यात राहिला. पंथीय परंपरा सांगते की, नागदेवाचार्य एकांतात काही मनन करीत बसलेले पाहून म्हाइंभटांनी त्यांना विचारणा केली, आणि सर्वज्ञांच्या लीळा आठवीत असल्याचे उत्तर मिळाल्यावर त्यांचा ग्रंथ करण्याचे मनावर घेतले. ग्रंथरचनेचा काळ १२७८ च्या आसपास धरला जातो. म्हाइंभट हे शास्त्रनिपुण, वादात निष्णात असे पंडित. चक्रधरांकडे ते प्रथम गेले तेही वाद करण्याच्या हेतूने. अशा माणसाने गावोगाव हिंडून, ज्यांनी चक्रधरांना पाहिले व ऐकले त्या स्त्रीपुरुषांना गाठून, त्यांच्या तोंडून आठवणी गोळा कराव्यात, यातील विरोध लक्षात घेण्याजोगा आहे. वादात जिंकणाऱ्या पंडितास येथे केवळ ऐकावयाचे होते.

या संकलनाचा हेतू वाङ्मयनिर्मिती हा नव्हता, हेही विसरता कामा नये. महानुभाव आचारधर्मात नाम, मूर्ती, लीळा व चेष्टा यांचे स्मरण हे साधनेचे अंग आहे. चक्रधरांनी कोठे काय केले, कोणास काय म्हटले, हे जसेच्या तसे आठवणे हीच उपासना असल्याने ‘जसेच्या तसे’ या शब्दांना येथे धार्मिक वजन प्राप्त झाले. चरित्रकाराने गौण समजून गाळावयाचे तपशील या दृष्टीने गौण राहिले नाहीत. म्हणून लीळेत गावाचे व देवळाचे नाव येते. वेळ पूजावसराची होती, आरोगणेनंतरची होती की विहरणास बाहेर पडल्यावरची, हे येते. जवळ कोण होते आणि प्रश्न कोणी विचारला, हेही येते. अर्थात भक्तांच्या स्मरणात जे राहिले तेवढेच येथे आले आहे; त्यास ध्वनिमुद्रणाची योग्यता देणे हे भाबडेपणाचे ठरेल. तरीसुद्धा संवादातील गोष्टीचा अभ्यास करण्यास प्रसंगासह नोंदलेले इतके जुने मराठी साहित्य दुसरे नाही.

वेळेच्या नोंदीचे महत्त्व एका अगदी वेगळ्या अभ्यासावरून ध्यानात येते. कलहारी प्रदेशातील जु-होआन्सी लोकांच्या संभाषणाचे पॉली वीसनर यांनी केलेले विश्लेषण २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. दिवसाच्या बोलण्यात गोष्टींचा वाटा ६ टक्के होता. रात्री शेकोटीभोवतीच्या बोलण्यात तो ८१ टक्क्यांपर्यंत गेला. दिवसा कामकाज व तक्रारी, रात्री गोष्टी, असा हा भेद आहे. म्हणजे ‘माणसे बोलताना किती गोष्टी सांगतात’ या प्रश्नास वेळ व जमाव यांवाचून उत्तर नाही. लीळेतील आरोगणा व पूजावसर यांचे उल्लेख चाळून पुढे जाणारा वाचक याच प्रकारची माहिती टाकून देत असतो.

या नोंदीचे आणखी एक भाषिक वैशिष्ट्य आहे आणि ते सर्वांत बोलके आहे. चक्रधर स्वतःविषयी बोलताना सामान्यतः ‘मी’ असे म्हणत नाहीत. त्या ठिकाणी ‘एथ’, ‘एथौनि’ अशी स्थलवाचक रूपे येतात. म्हणजे ‘मी दिले’ असे न म्हणता ‘येथून दिले गेले’ अशा धाटणीची रचना होते. यामागील तात्त्विक आशयाची चर्चा पंथाच्या अभ्यासकांनी केली आहे. व्याकरणाच्या अंगाने पाहता याचा परिणाम असा होतो की, वक्त्याचा निर्देश त्याच्या बसण्याच्या जागेशी बांधला जातो. ‘येथ’ म्हणजे कोठे, हे समोर बसलेल्यास विचारावे लागत नाही. दूर असलेल्यास, किंवा सातशे वर्षांनी वाचणाऱ्यास, ते सांगावेच लागते. परंपरेनुसार गुजरातेत जन्मलेल्या पुरुषाच्या तोंडचे हे मराठी मराठी गद्याचा आदिनमुना व्हावे, हाही इतिहासाचा एक विलक्षण योग म्हटला पाहिजे.

प्रश्न विचारणाऱ्यांत स्त्रियांची संख्या व त्यांचे स्थान डोळ्यांत भरण्याजोगे आहे. पैठणच्या बाइसा चक्रधरांच्या भोजनादिकांची व्यवस्था पाहत. त्यांच्या तोंडी घरगुती व्यवहाराचे, प्रसंगी फणकाऱ्याचेही बोलणे आहे. महदाइसा, ज्यांचे ‘धवळे’ मराठीतील आद्य कवयित्रीची रचना म्हणून प्रसिद्ध आहेत, त्या तर प्रश्न विचारण्यासाठीच ख्यात होत्या. पंथाने त्यांना चर्चक म्हणून गौरविले. अशा श्रोत्यांस उत्तर देताना सिद्धांताचे एखादे वाक्य बोलून थांबणे पुरेसे होत नसे. ऐकणारीने आणखी विचारले की दृष्टांत येई. दृष्टांत हा सिद्धांताचा अलंकार होता असे म्हणण्यापेक्षा, श्रोत्याच्या ‘म्हणजे कसे?’ या प्रश्नास ते दिलेले उत्तर होते, असे म्हणणे अधिक यथार्थ होईल.

जात्यंधांचा दृष्टांत सर्वपरिचित आहे. जन्मांध माणसे हत्तीला हात लावून पाहतात. पायास हात लागलेल्यास तो खांबासारखा वाटतो, कानास हात लागलेल्यास सुपासारखा. डोळस मनुष्यास मात्र संपूर्ण हत्ती दिसतो. निरनिराळे ज्ञाते परमेश्वराचे एकेक अंगच जाणतात, हे सांगण्यासाठी ही कथा आली आहे. ती चक्रधरांची निर्मिती नव्हे. पाली ‘उदान’ ग्रंथात ती श्रावस्तीच्या एका राजाविषयी सांगितलेली आढळते, आणि तेथे तिचे काम वेगळे आहे : आपापल्या मतासाठी भांडणाऱ्या परिव्राजकांचे भांडण कसे आहे हे तिच्यावरून दाखवावयाचे आहे. दोन्हीकडे सूप आहे. राजा, नगर, वादी पंडित हे सर्व काळाच्या ओघात गळून पडले तरी सूप टिकले. कारण ते ऐकणाराच्या घरात होते. दृष्टांतांचा आरंभ बहुधा ‘कोणी एक’ या अर्थाच्या अनिश्चित सर्वनामाने होतो. लीळेत गाव, देऊळ, व्यक्ती यांची नावे काटेकोर असावीत आणि तिच्यातच सांगितलेल्या गोष्टीत मात्र कोणी एक गाव, कोणी एक पुरुष असावा, हा विरोध सहेतुक आहे. नाव काढून टाकल्याने ती जागा मोकळी राहते, आणि त्या मोकळ्या जागेत ऐकणारीला स्वतःला उभे करता येते.

येथपर्यंत प्रसंग, सिद्धांतवाक्य आणि गोष्ट या तिन्ही वस्तू एकाच बोलण्याचे अवयव होत्या. त्यांची फारकत केली ती केशिराजबास अर्थात केसोबास यांनी. चक्रधरांची सिद्धांतवचने वेचून त्यांनी ‘सूत्रपाठ’ सिद्ध केला, आणि दृष्टांत वेचून ‘दृष्टांतपाठ’. या दुसऱ्या ग्रंथात ११४ दृष्टांत असून प्रत्येकाचे तीन भाग आहेत : आरंभी सूत्र, मग दृष्टांत, आणि शेवटी दार्ष्टान्तिक. पहिले दोन चक्रधरांचे. तिसरा भाग, ज्यात दृष्टांतातील कोणती वस्तू सिद्धांतातील कशाच्या जागी आहे हे उलगडून दाखविलेले असते, तो केसोबासांचा. प्राचीन मराठी गद्यातील ही एक अत्यंत शिस्तबद्ध रचना आहे. पाठांतरास व अध्यापनास ती किती सोयीची झाली असेल, हे वेगळे सांगावयास नको.

परंतु या रचनेत दार्ष्टान्तिकाची गरज का निर्माण झाली, याचा विचार केला पाहिजे. मूळ संवादात ती नव्हती. जिने प्रश्न विचारला तिला गोष्टीचा रोख कळत होता. तो न कळल्यास ती पुन्हा विचारू शकत होती. प्रश्न, प्रश्न विचारणारी आणि प्रसंग हे तिन्ही काढून घेतल्यावर गोष्ट कोणत्याही दिशेस वळू शकते. म्हणून तिचा अर्थ कोणीतरी खुंटीसारखा ठोकून बसविणे भाग पडले. लबॉवच्या परिभाषेत बोलावयाचे तर कथनातील मूल्यमापनाचा भाग, जो प्रसंग स्वतःच करीत होता, तो आता संपादकास लिहावा लागला. केसोबासांचे दार्ष्टान्तिक सूक्ष्म व काटेकोर आहे, यात शंका नाही. तथापि दृष्टांत एका अर्थास बांधला गेला, आणि त्याबरोबर विचारणारीचे नाव पुसले गेले, हेही तितकेच खरे.

हा धोका पंथातील ज्येष्ठांस अगदीच जाणवला नसेल असे नाही. ‘स्मृतिस्थळा’तील एक प्रसंग या संदर्भात नेहमी सांगितला जातो. केसोबास संस्कृतात उत्तम रचना करीत. त्यांचे ‘रत्नमालास्तोत्र’ प्रसिद्ध आहे. असेच आणखी लेखन संस्कृतात करण्यास नागदेवाचार्यांनी त्यांना प्रतिबंध केला, आणि त्याचे कारण असे दिले की, त्यामुळे आपल्या म्हाताऱ्या नागवल्या जातील. मराठीच्या अभिमानाचा हा पुरावा म्हणून तो प्रसंग व्यासपीठावरून पुष्कळदा वापरला गेला आहे. वस्तुतः नागदेवाचार्यांच्या म्हणण्यात भाषाभिमानापेक्षा श्रोत्याची चिंता अधिक आहे. कोण ऐकणार आहे हे ठरल्यावर भाषा ठरते, असा त्यांचा क्रम दिसतो. ज्या वृद्ध स्त्रियांनी चक्रधरांना ऐकले होते आणि म्हाइंभटांना आठवणी सांगितल्या होत्या, त्यांच्याच कानांआड तो मजकूर जाणार होता. सांगणारीलाच ऐकण्यास बंदी व्हावी, हा त्यातील अन्याय आचार्यांना दिसला.

सांगणारा व ऐकणारा यांच्यातील हे नाते मराठी लोकपरंपरेने एके ठिकाणी मोठ्या नेमकेपणाने नोंदविले आहे. आदित्यराणूबाईच्या कहाणीचा महानुभाव ग्रंथांशी काही संबंध नाही. व्रताची ती कहाणी स्त्रियांच्या मुखपरंपरेतून आलेली आहे. तिच्यातील घटनांचा धागा असा की, बाप लेकीकडे जाऊन आपली कहाणी ऐकण्यास सांगतो. एक लेक ऐकत नाही व तिला दैन्य येते, दुसरी ऐकते व तिचे भले होते. पुढे कहाणी सांगण्यासाठी श्रोता शोधीत हिंडावे लागते. मोळीविक्या, माळी, दुःखी म्हातारी असे जे भेटतील त्यांना ती ऐकविली जाते. प्रत्येक वेळी सहा मोती काढले जातात : तीन सांगणारीचे, तीन ऐकणाऱ्याचे. कहाणीच्या फलश्रुतीकडे श्रद्धेने वा उपहासाने पाहणारे बहुतेक लोक हा वाटणीचा तपशील सोडून देतात. ऐकणाऱ्यास निम्मा वाटा देणारी ही मांडणी आधुनिक संवादविश्लेषणाच्या किती जवळची आहे, ते वर आलेल्या सॅक्सच्या निरीक्षणाशी ताडून पाहावे.

‘सूत्रपाठा’च्या पुढील इतिहासाने हा वाटा परत मागितला असे दिसते. सूत्रे प्रसंगापासून तोडल्यावर ती पाठ करणे सोपे झाले, पण समजणे अवघड झाले. सूत्रातील ‘एथ’ कोठले, ‘तुम्ही’ कोण, हे वचन उपदेश म्हणून आले की कोणाचा हट्ट मोडण्यासाठी, हे कळावयाचे कसे? म्हणून महानुभाव टीकापरंपरेत ‘प्रकरणवश’ नावाचा एक स्वतंत्र प्रकार निर्माण झाला. कोणते सूत्र कोणत्या प्रसंगी, कोणास उद्देशून निघाले, हे सांगणे एवढेच त्याचे कार्य. ज्या लीळांतून वचने वेचून काढली, त्या लीळा पुन्हा शोधून वचनांशेजारी आणून ठेवाव्या लागल्या. विद्वत्तेच्या इतिहासात असे क्वचितच घडले असेल : एका पिढीने मोठ्या कष्टाने जे सोलून काढले, ते पुढील पिढ्यांनी तितक्याच कष्टाने पुन्हा सालीत घातले. चौदाव्या शतकातील ‘स्थानपोथी’, जिच्यात चक्रधरांच्या निवासस्थानांची व तेथील देवळांची नोंद आहे, तिलाही याच गरजेतून पाहता येईल. ‘येथ’ म्हणजे कोठे, याचे ते जणू भौगोलिक भाष्य आहे.

मूळ लीळांचाही प्रवास सरळ झालेला नाही. चौदाव्या शतकाच्या आरंभी खलजी सैन्याच्या धामधुमीत मूळ प्रत नष्ट झाली, असे परंपरा सांगते. त्यानंतर ज्यांना ग्रंथ मुखोद्गत होता त्यांच्या स्मरणातून तो पुन्हा उभा करण्यात आला, आणि त्यामुळे निरनिराळे पाठ निर्माण झाले. त्यांपैकी एक हिराइसेच्या नावाने ओळखला जातो. एकाच लीळेच्या भिन्न कथनास महानुभाव पोथ्यांत ‘वासना’ अशी संज्ञा आहे. अमक्याची वासना अशी, तमक्याची अशी, म्हणून दोन्ही नोंदविल्या जातात. पाठभेद म्हणजे लेखनिकाची चूक, या पाश्चात्त्य संपादनशास्त्राच्या गृहीतकात ही संज्ञा बसत नाही. एकच घटना दोघांनी सांगितली की ती दोन प्रकारे सांगितली जाणार, हे येथे मान्य आहे, आणि सांगणाऱ्याचे नाव त्याच्या कथनास चिकटून राहिले आहे. बोलीतील ‘म्हणे’ हा शब्द ऐकीव गोष्टीची जबाबदारी अंगावेगळी करतो. वासनेची नोंद तीच जबाबदारी नाव घेऊन कोणावर तरी ठेवते.

पुढे सकळ, सुंदरी आदी सांकेतिक लिप्यांच्या आवरणाखाली हे वाङ्मय शतकानुशतके पंथापुरते राहिले. विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे यांनी सकळ लिपीचा उलगडा केल्यानंतर ते बाहेरच्या अभ्यासकांस खुले झाले. १९३० नंतरच्या दशकात ह. ना. नेने यांनी त्यातील ग्रंथ नागपुराहून छापले, आणि वि. भि. कोलते यांनी संपादिलेले ‘लीळाचरित्र’ १९७८ मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केले. मुद्रणाने ग्रंथ सुलभ झाले. परंतु ‘सूत्रपाठ’, ‘दृष्टांतपाठ’ व ‘लीळाचरित्र’ ही तीन स्वतंत्र पुस्तके म्हणून विद्यार्थ्यांच्या हाती येत असल्याने, अभ्यासक्रमात दृष्टांत वाचणारा विद्यार्थी मूळ लीळेपर्यंत सहसा जात नाही. परीक्षेत दृष्टांताचे तात्पर्य विचारले जाते आणि तो दार्ष्टान्तिक लिहून मोकळा होतो. तो दृष्टांत कोणत्या गावी, दिवसाच्या कोणत्या वेळी, कोणाच्या प्रश्नावर सांगितला गेला, हा प्रश्न त्यास विचारला जात नाही. ज्या लीळांत दृष्टांताचा प्रसंग उपलब्ध आहे त्यांची दृष्टांतवार यादी करणे, आणि प्रश्नकर्त्यांत स्त्रिया किती, पुरुष किती, पंडित किती याची मोजदाद करणे, हे काम पदव्युत्तर वर्गात दोन सत्रांत होण्याजोगे आहे. तसे करताना वेगवेगळ्या वासनांत प्रश्नकर्त्याचे नाव बदलते की काय, हेही पाहावे लागेल. विशेषतः हिराइसेच्या पाठात.